शब्दचर्चा : 'वॉटरकलर स्टँपिंग'ला मराठीत काय म्हणावं? ठसा, शिक्का, छाप आणि पक्की शाई

(बेळगाव भागातले सगळे इथे आपापल्या गावाच्या किंवा पेठेच्या नावाने लिहितात.)

प्रश्न – खानापूर

नमस्कार. आमच्या बचत गटातल्या बायका संक्रांतीला आणि लग्नसराईत हाताने भेटकार्डं करतात. रबरी स्टँपने पतंग, फुलं, तोरण असं काही उमटवायचं आणि आत जलरंग भरायचे, असं साधारण काम. सामान आता बरंचसं ऑनलाइन मागवतो आणि त्यावरची माहिती सगळी इंग्रजीत असते. म्हणून सामान निवडताना काय बघायचं ते मराठीत दोन पानांत लिहायला घेतलंय, आणि अडलंय ते शब्दांवर. मुळात 'वॉटरकलर स्टँपिंग'लाच काय म्हणायचं? स्टँपला शिक्का म्हणू की ठसा? वॉटरप्रूफ इंक, डाय इंक, पिगमेंट इंक यांना गटात सहज खपतील असे शब्द आहेत का? कोल्ड प्रेस आणि हॉट प्रेस कागदाचं एकीने 'थंड दाब' आणि 'गरम दाब' केलं, ते वाचून कुणालाच काही उमगलं नाही.

टिळकवाडी

ताई, पहिल्या प्रश्नाचा निकाल आधी लावू, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक तुमचं : आधी काळ्या शाईने चित्र उमटवायचं, ते वाळलं की आत रंग भरायचा. दुसऱ्या कामात ठशालाच पाण्यात विरघळणारा रंग लावतात, वरून पाण्याचा बारीक फवारा मारतात आणि तसाच कागदावर दाबतात. मग कडा विरघळतात, पाकळीचा रंग शेजारच्या पाकळीत शिरतो आणि रेघ अशी उरतच नाही. पहिल्याला 'ठसा मारून रंगवणे' म्हणा, दुसऱ्याला 'जलरंगाने ठसा मारणे'. नाव जरा लांबतं, पण वाचणारीला काय आधी आणि काय नंतर ते लगेच कळतं.

हा फरक लिहिला नाही तर पैसे वाया जातात. पहिल्या कामात शाईने पाण्याला दाद देता कामा नये, दुसऱ्यात ती पाण्याबरोबर गेलीच पाहिजे. म्हणजे एका कामाला जी शाई उत्तम, तीच दुसऱ्याला निरुपयोगी. 'डिस्ट्रेस इंक' नावाची पॅडं मुद्दाम पाण्यात पसरावीत अशीच बनवलेली असतात, ती दुसऱ्या कामाची. 'व्हर्साफाइन' किंवा 'स्टेझऑन' पहिल्या कामाच्या. 'मेमेंटो'ची काळी शाई छान काळीभोर उमटते, पण ती अल्कोहोल मार्करने, म्हणजे पाण्याऐवजी अल्कोहोलवर चालणाऱ्या रंगीत पेनांनी, रंगवणाऱ्यांसाठी, ओला ब्रश फिरला की फुटते. आणि ऑफिसातल्या जांभळ्या स्टँपपॅडचा या कामाशी संबंधच ठेवू नका.

'वॉटरप्रूफ'ला कोशातला शब्द 'जलरोधक' आहे. तो चालेल असं वाटतं.

शहापूर

जलरोधक नको. ते गच्चीचं आणि टाकीचं विशेषण. शहापूर-वडगावात मागावरच्या लुगड्यांबद्दल बोलताना रंग दोनच प्रकारचे, पक्का आणि कच्चा. धुण्यात उतरतो तो कच्चा, राहतो तो पक्का. शाईलाही तेच लावा की : पक्की शाई, कच्ची शाई. गटातल्या एकाही बाईला समजावून सांगावं लागणार नाही, आणि 'कच्ची' म्हणजे वाईट असाही अर्थ होत नाही. जलरंगाने ठसा मारायला कच्चीच लागते, असं सरळ लिहिता येईल.

खरं एक सांभाळा. पाण्याला पक्का आणि उन्हाला पक्का या दोन गोष्टी आहेत. पाण्यात न उतरणारा रंगही खिडकीत टांगला तर विटू शकतो. कार्ड पाकिटात जाणार असेल तर फरक पडत नाही, चौकट करून भिंतीवर लावणार असाल तर पडतो. म्हणून पहिल्यांदा 'पाण्याला पक्की' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'पक्की' चालेल.

टिळकवाडी

पटलं. 'जलरोधक' मागे घेतो, 'पक्की'च ठेवा.

याला जोडून डाय आणि पिगमेंटचं बघू. डाय पाण्यात मिठासारखा पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे तो कागदाच्या धाग्यात शिरतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी बारीक पूड, ती कागदाच्या अंगावर बसते. तेव्हा 'मुरणारी शाई' आणि 'बसणारी शाई' असं म्हणता येईल. मुरणारी लवकर वाळते. बसणारीचा रंग दाट दिसतो, सहसा विटतही नाही, पण ती वाळायला वेळ घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच घेते.

एक गैरसमज मात्र त्या दोन पानांत खोडून काढा. बसणारी म्हणजे पक्की, असं सर्रास धरलं जातं. तसं नाही. कितीतरी पिगमेंट पॅडं ओल्या ब्रशखाली सरळ वाहतात. मुरणारी-बसणारी हा एक प्रश्न, पक्की-कच्ची हा दुसरा, आणि डबीवर पहिल्याचंच उत्तर ठळक छापलेलं असतं. दुसऱ्याचं आपणच काढायचं : ज्या कागदाचं कार्ड करणार त्याच्याच तुकड्यावर ठसा मारा, चांगला वाळू द्या, मग स्वच्छ पाण्यात बुडवलेला ब्रश रेघेवरून हळू दोनदा फिरवा आणि पांढऱ्या बशीत टेकवा. बशीतला थेंब निवळ राहिला तर शाई पक्की. राखाडी झाला तर तुमचा पिवळा झेंडूही राखाडीच होणार. रेघ जागेवर दिसते म्हणून समाधान मानू नका, थेंब बघा. रेघेतून उतरलेली इतकीशी शाई काळ्या रेघेत दिसत नाही, पिवळ्या रंगात लगेच दिसते.

निपाणी

शाईचं झालं, पण 'ठसा' शब्द इतक्या सहज कसा घेतला? दुकानात जाऊन बघा, सगळे शिक्काच म्हणतात. शिवाय 'बोटांचे ठसे' म्हणतो तेव्हा ठसा म्हणजे उमटलेली खूण, उमटवायची वस्तू नव्हे. दोन पानांत एकदा ठसा म्हणजे रबर आणि एकदा ठसा म्हणजे कागदावरचं चित्र असं झालं तर घोटाळा होईल.

टिळकवाडी

दादा, शंका रास्त आहे. ठसा मराठीत दोन्हीकडे चालतो. सोनार पत्र्यावर नक्षी उठवतो ती वस्तूही ठसाच आणि बोटाची खूणही ठसाच.

शिक्का मात्र मला इथे खटकतो. शिक्क्यात अधिकार असतो. ग्रामपंचायतीचा शिक्का, टपालाचा शिक्का, दाखल्यावर हेडमास्तरांचा शिक्का. 'शिक्कामोर्तब' बघा. शिवकालीन पत्रात मजकुराच्या वर मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती, म्हणजे पत्र इथे संपलं, पुढे कुणी काही घुसडू नये. शिक्का म्हटलं की हे सगळं मागून येतं. तोरणाच्या आणि पतंगाच्या रबराला तो शब्द जड होतो. मुद्रेचंही तसंच.

इंग्रजी 'स्टँप' ठेवावा तर त्याची गर्दी आणखी वेगळी : टपालाचं तिकीट, महसुली तिकीट, मुद्रांक, सगळेच स्टँप. कोर्टाजवळच्या स्टेशनरीत नुसतं 'स्टँप द्या' म्हटलं तर समोर काय येईल ते सांगायला नको.

म्हणून माझा आग्रह : वस्तू ती ठसा, आणि कागदावर उमटते ती छाप. 'ठसा मारला, छाप फिकी आली.' 'ठसा धुऊन ठेवा.' 'पहिली छाप रद्दी कागदावर घ्या.' अशी वाक्यं लिहून बघा, कुठेही अडत नाही. बोटांचे ठसे त्यांच्या जागी राहू देत.

चिकोडी

मध्येच लिहितो. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं. कन्नडमध्येही रबरी शिक्क्याला 'ठस्से' म्हणतात, त्यामुळे ठसा म्हटलं तर आमच्याकडे दोघांनाही कळतं. 'छाप'चं मात्र जपून, कारण मुद्रांकाला कन्नडमध्ये 'छापा कागद' म्हणतात. जलरंगाला 'जलवर्ण' आणि ब्रशला 'कुंच', म्हणजे आपला कुंचलाच. खानापूरच्या ताईंनी कन्नड शाळेत शिकलेल्या बायकांचाही विचार केला तर ठसा, जलरंग, कुंचला हे तिन्ही शब्द बिनधास्त वापरावेत.

आणि एक विनंती. 'वॉटर कलर' मागायला आलेल्या दहा जणांतले बरेच जण पोस्टर कलर घेऊन जातात, कारण शाळेपासून दोन्हीला एकच नाव. याबद्दल लिहाच.

टिळकवाडी

मामा, हे फार बरं आठवण केलंत. पोस्टर कलर दाट आणि अपारदर्शक. ठशाच्या रेघेवरून गेला की रेघ झाकतो, मग ठसा मारला कशाला? या कामाला पारदर्शक रंग हवा, रेघ खालून दिसली पाहिजे. दोन पानांत 'जलरंग' हाच शब्द ठेवा आणि पहिल्याच ठिकाणी 'म्हणजे पोस्टर कलर नव्हे' असं जोडा. चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि रवी परांजपे यांच्या बेळगावात 'जलरंग' शब्द परका नक्कीच नाही.

रंगावर फार खर्च नको. विद्यार्थ्यांसाठीची कॅमलची पेटी सुरुवातीला पुरते. पैसे वाचतील ते कागदावर घाला. (कॅमल म्हणजे दांडेकरांनी काढलेलं कॅमलिन, १९३१ साली सुरू झालं ते शाईपासूनच, हे शाईच्या चर्चेत नोंदवून ठेवतो.)

खानापूर

सगळ्यांचे आभार. कागदाचं आणि ब्रशचं राहिलंय. ब्रश म्हणू की कुंचला? आणि 'थंड दाब'चं काय करू?

शहापूर

कुंचला लिहा, ब्रश बोला. 'कुंचा' शब्द विणकरांकडेही होता, सुताला खळ लावायच्या मोठ्या ब्रशाला. कुंचला त्याचं धाकटं भावंड.

खळीवरून आठवलं. जलरंगाच्या कागदालाही खळ दिलेली असते, इंग्रजीत त्याला सायझिंग म्हणतात. साध्या कार्डशीटवर रंग लावला की लगेच आत ओढला जातो आणि डाग धरतो, तो खळ कमी असल्याने. चांगल्या कागदावर पाणी थोडा वेळ वर राहतं, तेवढ्यात रंग फिरवून घेता येतो. घ्यायच्या आधी एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. शोषून गडद ठिपका झाला तर तो कागद लिहायला ठेवा.

टिळकवाडी

शहापूरकरांनी खळ दिलीत, तिथेच 'हॉट प्रेस'चाही शब्द सापडतो. आपल्याकडे जुना हातकागद खळ लावून वर गुळगुळीत दगडाने घोटत. म्हणून हॉट प्रेसला 'घोटीव कागद' म्हणा आणि कोल्ड प्रेसला 'दाणेदार कागद'. गरम रुळातून काढलेल्या कागदाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, न तापवता दाबलेल्याचा दाणा राहतो. गिऱ्हाइकाला कारखान्यातल्या तापमानाशी काय करायचंय, त्याला बोट फिरवल्यावर काय लागतं ते सांगा.

आणि निवड इथेच ठरते. जलरंग म्हटलं की सगळे दाणेदार कागद सुचवतात, कारण रंगाची मजा त्यावर येते. ठशाचं मात्र उलटं आहे. ठशाचं रबर सपाट, ते दाण्याच्या माथ्यालाच टेकतं, खळग्यांत शाई पोचत नाही आणि बारीक रेघ तुटक येते. म्हणून ठसा मारून रंगवायला घोटीव कागद घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा). त्याहून पातळ कागद पाण्याने फुगतो आणि कार्डाला पोचे येतात. दाणेदारच हाती असेल तर त्याची मागची बाजू बघा, पुष्कळदा ती जरा सपाट असते. जलरंगाने ठसा मारणाऱ्यांनी दाणेदार खुशाल वापरावा, त्यांना तुटक रेघेची भीती नाही.

कुंचल्याचं थोडक्यात. दोन आणि चार नंबरचे गोल कुंचले पुरतात. ओला केल्यावर टोक एकवटतं का, एवढंच बघा. दांड्यात पाणी भरायचा ब्रश मिळतो, त्याला 'पाण्याचा कुंचला' म्हणता येईल. गटात दहा जणी एकत्र बसून करणार असाल तर वाट्या सांडत नाहीत म्हणून तो सोयीचा, पण दाबला की नको तेवढा थेंब पडतो. बारीक फुलांना साधा कुंचलाच बरा.

निपाणी

ठशांत पारदर्शक प्रकार येतो तो घ्यावा की लाकडावर बसवलेला लाल रबराचा? आमच्याकडे पारदर्शकवर शाई थेंबाथेंबाने गोळा होते.

टिळकवाडी

नवा असेल तर साध्या खोडरबराने त्याचं तोंड हलकं घासा, चकाकी गेली की शाई सारखी धरतो. पारदर्शकाचा फायदा असा की आरपार दिसतं, छाप नेमकी कुठे पडणार ते कळतं. पण जलरंगाने ठसा मारायला लाल रबर बरं, त्यावर पाणीदार रंग जास्त टिकून राहतो. स्टेझऑन पारदर्शक ठशावर वापरू नका, तिच्यातल्या द्रावकाने ठशावर डाग राहतात आणि काही ठसे खराबही होतात.

खानापूर

शेवटचं एक. 'एम्बॉसिंग पावडर'ला काय लिहू? चिकट शाईने ठसा मारून वर पूड टाकतात आणि तापवतात, ती.

शहापूर

'उठाव'. उठावाची पूड, उठावाची छाप. उठावदार म्हणतोच की आपण.

टिळकवाडी

उठाव उत्तम. आणि ज्यांना पक्की शाई मिळत नाही त्यांनी हाच मार्ग धरावा. पूड वितळून रेघेचा बांध तयार होतो, त्यावर पाण्याचा काही परिणाम होत नाही आणि रंगही बांधाच्या आत राहतो. फक्त केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, असं ठळक लिहा. त्याची हवा पूड उडवते आणि ती वितळेल इतकी तापतही नाही. त्यासाठीची वेगळी हीट गन येते, गटात एक असली की भागतं.