कडी न लावता आंघोळ

दादाला फिटच्या धास्तीने एकट्याने आंघोळीलाही जाववत नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. कडी न लावता, स्टुलावर बसून, तांब्याने आंघोळ करू द्या. बादली अर्धीच भरा, पाण्यात विसण आधी घालून ठेवा. धडधडलं की भराभर श्वास नको, त्यानेही काहींना फिट येते; सावकाश सोडावा. जागरण टाळा. गोळ्यांना सात खणांची डबी घ्या, ‘घेतली का?’ ही रुखरुख तरी संपेल. फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, कृपा करून काहीच नको. आणि लेव्हेटिरासिटाम ही फिटवरची गोळी चालू असेल तर घबराट त्यानेही वाढू शकते. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.