साव्वा मोरोझोव: थिएटर उभारणारा की गिरणीमालकच?

रंगवेडा
मॉस्को आर्ट थिएटर म्हटलं की आपण दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, नाटककार चेखव ही नावं घेतो आणि थांबतो. मॉस्कोच्या कामेर्गेर्स्की गल्लीतली या थिएटरची वास्तू १९०२मध्ये उभी राहिली ती साव्वा मोरोझोवच्या (१८६२–१९०५) पैशावर. आणि नुसता पैसा देऊन हा कापडगिरणीवाला मोकळा झाला नाही. वास्तुविशारद शेख्तेलचं काम चालू असताना तो तिथे राबला, रंगमंचाच्या प्रकाशयोजनेत जातीनं लक्ष घातलं. त्याचा आजोबा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी होता, पैसे मोजून स्वतःला सोडवून घेतलेला. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

चातीवरचा
पैसा आला कुठून, तेही लिहा. ओरेखोवो-झुयेवोच्या निकोल्स्काया गिरणीत साव्वाचा बाप तिमोफेय कापडातल्या बारीकसारीक खोटीसाठी दंड ठोकायचा. मजुरीतला चौथा हिस्सा दंडातच जायचा, कुणाचा त्याहून जास्त. जानेवारी १८८५मध्ये हजारो कामगार संपावर गेले, तेव्हा सरकारनं सैन्य पाठवलं. पुढे संपकऱ्यांवरच्या खटल्यात ज्यूरीपुढे १०१ प्रश्न आले आणि एकूणएक उत्तर कामगारांच्या बाजूनं पडलं! १८८६चा दंडावर मर्यादा घालणारा कायदा या संपामुळे झाला. थिएटरच्या भिंतींत त्या विणकरांचीही मजुरी आहे.

रंगवेडा
संप झाला तेव्हा साव्वा जेमतेम २२ वर्षांचा होता. बापाचं पाप त्याच्या माथी का? 'इस्क्रा' या क्रांतिकारी पत्राला त्यानं पैसे पुरवले, क्रासिनसारख्या बोल्शेविकाला, म्हणजे लेनिनच्या क्रांतिकारी गटातल्या माणसाला, गिरणीच्या वीजकेंद्रावर नेमलं. १९०५मध्ये कामगारांना नफ्यात वाटा द्यायचं काढलं, तर आईनं त्यालाच कारभारातून बाजूला केलं.

जुनी वही
मला खटकतं ते हेच. मालकीच मोडून काढायला निघालेल्या पक्षाला पैसा देणं म्हणजे दूरदृष्टी? मे १९०५मध्ये फ्रान्समधल्या कान शहरात तो गोळी लागून मेला. अधिकृत नोंद आत्महत्येची, खुनाचा संशय आजही घेतला जातो. त्याच्या एक लाख रुबलच्या विम्याचे पैसे अभिनेत्री मारिया आंद्रेयेवाला मिळाले आणि त्यातले बरेचसे बोल्शेविकांकडे गेले. पुढे त्यांनीच गिरण्या सरकारजमा केल्या.

चातीवरचा
गिरण्या गेल्याचं मला दुःख नाही. पण मुख्य भागधारक आई होती, हे साव्वाला पहिल्यापासून ठाऊक होतं. थिएटरला हवे तेवढे रुबल देता आले, विणकराला नफ्यातला एक कोपेकही देता आला नाही. रंगवेडा, मोठेपणा मोजताना हे कुठे धरणार?