बॅटरीची तार काढून ठेवण्याबद्दल

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी, असं काही जण सुचवतात. त्यानं चोरी अवघड होते, हे पटतं. पण ती परत लावायला दहा नंबरचा पाना लागतो. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, तेव्हा आमचे शेजारी टॉर्चच्या उजेडात तोच पाना शोधत राहिले. गाडी दारातच बुडाली, म्हाताऱ्या आईला उचलून वरच्या मजल्यावर न्यावं लागलं. फार वाईट वाटलं.

मी त्यानंतर बॅटरीच्या तारेवर कट-ऑफ स्विच बसवून घेतला. त्याची लाल चावी फिरवून काढली की करंट बंद, परत घालायला दोन सेकंद. ती गाडीच्या चावीबरोबरच दाराआड खिळ्याला असते, घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. वेळ आली तर लगेच निघता यावं म्हणून पावसाळाभर इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही, झाकणाला कुलूप. आणि गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे!