मदत हवी आहे: पावडर कोटिंग केलेल्या पॅनलच्या कडा बेल्टखाली दबतात, रंग जातो

अंबड_शॉप
परवा सकाळी गाडी लागणार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मागच्या दोन्ही खेपांना कंट्रोल पॅनल (विजेची उभी पत्र्याची कपाटं) साइटवर उतरले तेव्हा वरच्या कडा दबलेल्या होत्या आणि गाडीवर बांधायच्या बेल्टच्या रुंदीएवढा रंग गेलेला होता. ग्राहक टचअप घेत नाही, पूर्ण कव्हर बदलून मागतो. बेल्टखाली फोम लावला होता, तरी हेच झालं. नाशिकमध्ये चांगला फोम कुठे मिळेल? की फोमऐवजी दुसरं काही लावावं? कृपया लवकर सांगा.

गाठ_पक्की
बेल्ट काढून टाका आणि २० मिमीचा दोर वापरा. दोर मऊ असतो, बेल्टची कड कापते. दोराखाली गोणपाट घातलं की काम झालं.

हौदा_फाळका
दोर गोल असतो, कडेवर जेमतेम ८–१० मिमी टेकतो. ५० मिमीच्या बेल्टचा ताण तेवढ्याशा जागेवर आला तर पत्र्याला खाचच पडेल. शिवाय दोर किती ताणलाय ते कळत नाही.

अंबड_शॉप, फोमचं नंतर बघू, आधी हे सांगा. एका पॅनलचं वजन आणि माप किती? किती नग आहेत? गाडी उघडी की बंद? तळ लाकडी की पत्र्याचा? पॅनलखाली काय ठेवता? आणि रंग कुठे गेलाय, कोपऱ्यावर की सपाट बाजूवर?

अंबड_शॉप
साधे कंट्रोल पॅनलच आहेत हो. ८०० बाय ८०० बाय २१०० मिमी, ४ नग, प्रत्येकी साधारण ४५० किलो. २ मिमीची फ्रेम, १.६ ची कव्हरं. गाडी उघडी, वरून ताडपत्री. जायचंय कोइमतूरला. रंग कोपऱ्यावर गेलाय, आणि बाजूवर वरून हातभर.

पॅकिंगताई
लाकडी पेटीच करून टाका. पाइनवुड घ्या आणि आयएसपीएम १५ (निर्यातीच्या लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का बघून घ्या. ५६ अंशाला ३० मिनिटं लाकडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता गेली पाहिजे, नाहीतर बंदरावर माल अडतो.

अंबड_शॉप
ताई, माल रस्त्याने जातोय, बंदराचा संबंध नाही. चार पेट्यांचा खर्च या ऑर्डरीत बसत नाही.

हौदा_फाळका
तळ आणि पॅनलखालचं राहिलं.

अंबड_शॉप
पत्र्याचा तळ. पॅनलला खाली १०० मिमीचं बेस चॅनल (पायाची चौकट) आहे, ते थेट तळावर टेकतं. गेल्या खेपेला वरून ८ बेल्ट मारले होते. ड्रायव्हर म्हणाला घाट आहेत, अजून दोन हवेत.

हौदा_फाळका
इथेच मूळ सापडलं. रंगवलेलं चॅनल पत्र्यावर ठेवलं की घर्षण फार कमी, ०.२ धरा. ईएन १२१९५ (गाडीवर माल बांधण्याचं युरोपीय मानक) प्रमाणे ब्रेकसाठी वजनाच्या ०.८ पट जोर धरतात. साध्या रॅचेटने (बेल्ट आवळायच्या दातेरी हँडलने) हाताने ओढल्यावर बेल्टमध्ये साधारण ३५० किलो ताण बसतो. चांगल्या बेल्टच्या लेबलवर हा आकडा एसटीएफ म्हणून छापलेला असतो.

आता १८०० किलोचा हिशेब करा. ०.८ मधून ०.२ वजा केले की ०.६ उरतात. ०.६ गुणिले १८०० गुणिले १.२५ (सुरक्षेसाठी वाढीव गुणक) म्हणजे १३५०. त्याला २ (बेल्ट दोन्ही बाजूंनी दाबतो म्हणून) गुणिले ०.२ गुणिले ३५०, म्हणजे १४० ने भागा. उत्तर येतं ९.६, म्हणजे १० बेल्ट. तुमचा ड्रायव्हर बरोबर सांगत होता.

पण चॅनलखाली ८ मिमीची खडबडीत रबरी अँटीस्लिप मॅट घातली की घर्षण ०.६ होतं. मग त्याच हिशेबात वर ४५० आणि खाली ४२० येतात, म्हणजे २ बेल्ट पुरतात. कडा वाचवायच्या असतील तर कडेवर येणारा ताणच कमी करा. फोम किती चांगला घेता याला त्यापुढे फारसा अर्थ नाही.

गाठ_पक्की
मॅट विकत कशाला घेता? जुन्या ट्यूबचे किंवा कन्व्हेअर बेल्टचे तुकडे फुकट मिळतात.

हौदा_फाळका
ट्यूब चालणार नाही. ती पातळ आणि गुळगुळीत असते, त्यात बहुतेक वेळा तेलकट. कन्व्हेअरचं वरचं रबर झिजून चकचकीत झालेलं असतं. त्याचं घर्षण किती ते कुणी मोजलेलं नसतं, मग वरचा हिशेब कशावर उभा करायचा? रबराच्या चुऱ्याची दाबून केलेली मॅट घ्या. तळ आधी झाडून पुसून काढा, धुळीवर मॅट टाकली तर तीही सरकते. चॅनलचा कुठलाही भाग पत्र्याला टेकता कामा नये. चारही कोपऱ्यांखाली तुकडे हवेत.

रंगखोली
रंगाच्या बाजूने सांगतो. पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉन. नुसत्या दाबाने तो सहसा जात नाही, घासून जातो. गाडीचा हौदा सतत पिळतो, बेल्ट मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागेपुढे होतो आणि मध्ये धूळ शिरली की तो पट्टा पॉलिश पेपरसारखा चालतो. शेकडो किलोमीटर तेच. बाजूवर हातभर रंग गेलाय तो याच घासण्याने. कोपऱ्यापासून हुकाकडे तिरका उतरताना बेल्ट वाऱ्याने फडफडतो आणि कव्हरला थापटत राहतो. त्या मोकळ्या भागात बेल्टला एक पीळ द्या, फडफड थांबते. मालावर मात्र तो सपाटच बसला पाहिजे.

फोम का फसला तेही सांगतो. १० मिमीचा ईपीई फोम कोपऱ्यावर चेपून २–३ मिमी होतो. बेल्ट सैल पडतो, ड्रायव्हर पुन्हा आवळतो, फोम फाटतो आणि बेल्ट थेट रंगावर येतो.

पॅकिंगताई
फोमऐवजी कागदी एज अँगल (कडेवर बसणारी एल आकाराची पट्टी) घ्या, ५० बाय ५० बाय ५ मिमी. पण बोटभर लांबीचे तुकडे करून बेल्टखाली सारू नका, दाब तेवढ्यावरच येतो. बाजूच्या पूर्ण लांबीचा एकच अँगल लावा. रंगाला लागून पातळ नॉनवोव्हन कापड, त्यावर अँगल, आणि अँगल जागेवर राहावा म्हणून भोवती स्ट्रेच फिल्मचे तीन वेढे. बेल्ट सरकला तर अँगलवर सरकावा, अँगल रंगावर सरकू नये. तपकिरी टेप पॅनलला थेट चिकटवू नका. उन्हात गोंद रंगावर उतरतो आणि काढताना डाग राहतो. पाऊस असेल तर कागदी अँगल भिजून लगदा होतो, तेव्हा प्लास्टिकचा घ्या.

मालवाहू_२२
तुमच्याकडे चारही पॅनल एकापुढे एक उभे राहतात ना? ८०० च्या पायावर २१०० उंची, गुरुत्वमध्य १.०५ मीटरवर धरला तर ०.४ भागिले १.०५ म्हणजे ०.३८; वजनाच्या एवढ्या पटीपेक्षा जास्त आडवा जोर आला की पॅनल कलतं. वळणावर ०.५ चा जोर धरतात, म्हणजे एकटं पॅनल आडवं होणार. मग ते धरून ठेवायला वरून बेल्ट आवळत बसावं लागतं.

दोन बाय दोनचा गठ्ठा करा. पाया १६०० होतो आणि आकडा ०.७६ वर जातो. बाजूला कलण्याचा प्रश्न मिटला. पुढच्या ०.८ साठी मात्र थोडं कमी पडतं, म्हणून गठ्ठा पुढच्या फाळक्याला (हौद्याच्या पुढच्या भिंतीला) चिकटवा आणि फट राहिली तर लाकडाने भरा. पॅनलांच्या मध्ये फोम शीट घाला, तुमचा उरलेला फोम तिथे कामी येईल. गठ्ठ्याभोवती आडवे दोन बेल्ट, एक वरून ३०० मिमीवर, एक बेसजवळ. ते हाताने आवळण्याइतकेच. उभ्या कोपऱ्यांना अँगल हवेतच. दारांची हँडल काढून पिशवीत घालून आत ठेवा, नाहीतर बेल्ट त्यांवर ताणला जातो.

कपाट_प्रश्न
हेच घरच्या लाकडी कपाटाला चालेल का? टेम्पोने पुण्याला न्यायचंय.

पॅकिंगताई
चालेल. दारं बांधून घ्या आणि काचा काढून वेगळ्या न्या. रॅचेटची गरज नाही, साधा बकलचा बेल्ट पुरे.

गाठ_पक्की
एवढा व्याप कशाला? वरच्या आय बोल्टमध्ये (कडी असलेल्या बोल्टमध्ये) हुक अडकवा, रंगाला बेल्ट लागतच नाही.

मालवाहू_२२
आय बोल्ट उचलण्यासाठी असतात. एम १२ चा डीआयएन ५८० आय बोल्ट सरळ उभ्या ओढीला ३४० किलोचा, ४५ अंशात २४० किलोचा. रॅचेटचा ताणच ३५० किलो. तिरक्या ओढीत बोल्टबरोबर छताची फ्रेमही वाकेल, आणि साइटवर क्रेन लावायची वेळ येईल तेव्हा तोच बोल्ट कामाचा राहणार नाही.

हौदा_फाळका
कोपऱ्यावर काय होतं ते बघा. ३५० किलो वरून आडवे येतात आणि ३५० खाली उतरतात. काटकोनात दोन्ही मिळून कडेवर साधारण ५०० किलो, तेही ५० मिमी रुंदीत. १.६ च्या कव्हरची कड ते झेलत नाही. म्हणून वरचे दोन बेल्ट पॅनलच्या उभ्या खांबांच्या रेषेतच टाका, छताच्या मधोमध कधीही नाही. दोन्ही बाहेरच्या कडांवर अँगलच्या वर ७५ बाय ५० ची लाकडी पट्टी १६०० लांबीची ठेवा, बाहेरचा कोपरा रंधून गोल करून. मग भार पट्टीतून खांबांवर जातो.

रॅचेट कोपऱ्यावर किंवा कव्हरला टेकून नको, हुक आणि कड यांच्या मधल्या मोकळ्या भागात ठेवा. एकाचं रॅचेट डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, कारण कडेवरच्या घर्षणामुळे पलीकडच्या बाजूला ताण कमी पोचतो. रॅचेटच्या गाभ्यावर (बेल्ट गुंडाळतो त्या दांड्यावर) बेल्टचे किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे. हँडलला पाईप लावून ताणायचं नाही, हे ड्रायव्हरला आधीच बजावा. पाईप लावला की ताण किती गेला याचा अंदाज कुणालाच राहत नाही आणि कड तिथेच बसते.

अंबड_शॉप
मॅट उद्या आणतो, अँगल आहेत. बेस चॅनलला १८ मिमीची भोकं आहेत. खालूनच बांधलं तर चालेल का? बेल्टचा हुक त्यात जात नाही.

हौदा_फाळका
उत्तम, हे आधी सांगायला हवं होतं. १३ मिमीचं, १६ मिमी पिनचं २ टनी बो-शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) बसेल. हुक शॅकलमध्ये, दुसरं टोक हौद्याच्या कडीत. गठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांवर चार तिरके बेल्ट, दोन पुढे ओढणारे, दोन मागे. यांचा रंगाशी संबंध येत नाही. पिन तारेने बांधा, थरथरीने उलटी फिरते. वरचे दोन मग एसटीएफइतके आवळायचीही गरज नाही, सैल होणार नाहीत एवढे ठेवा.

अंबड_शॉप
आणि वाटेत तपासायचं कुठे?

मालवाहू_२२
सिन्नरला पहिला थांबा. सुरुवातीच्या ३० किलोमीटरमध्येच माल बसतो आणि बेल्ट सैल होतो. नंतर दर चहाला हात लावून बघायचं. ताडपत्रीची दोरी कव्हरवरून जाऊ देऊ नका, तीही रंग काढते.