बेळगावात 22-23 हजार पगारावर किती भाडं झेपंल? घर बघूलोय, मदत हवी आहे

खानापूरचा_गडी

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका मशीन शॉपला सीएनसीवर आहे, सात वर्षं झाली. खानापूरकडच्या गावातनं रोज बाईकनं जाऊन-येऊन 52 किमी होतात, उन्हाळ्यात काय वाटत नाही पण पावसाळ्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेबाराला त्या रस्त्यानं येताना समोरच्या ट्रकच्या लायटीत खड्डा दिसतच नाही, गेल्या जुलैत एकदा पडलो पण. आता पोरगं जूनमध्ये पहिलीला जाणार म्हणून बायको म्हणते बेळगावातच बिऱ्हाड करूया.

पगार हातात 22,800. ओव्हरटाइम कधी मिळतो कधी नाही म्हणून धरत नाही. घरी आई-बाबांना 4000 द्यायचे, बाईकचा हप्ता 2850. बायको शिवणकाम करते, गावात चार-साडेचार हजार व्हायचे, पण शहरात गिऱ्हाईक नव्यानं लागेपर्यंत तेबी धरता येत नाही.

तीन घरं बघितली:

टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ वन बीएचके, 9500, वर पाण्या-बिण्याचे 600, डिपॉझिट 50 हजार. घर झकास आहे, शाळा जवळ.

वडगावात दोन खोल्या, आत मोरी, संडास स्वतंत्र, 6000, डिपॉझिट 30 हजार.

अनगोळात एकजण लीजवर द्यायला तयार आहे, 4 लाख एकदम द्यायचे, तीन वर्षं भाडं नाही, जाताना 4 लाख परत. हे ऐकायला लई भारी वाटूलंय. सासरे म्हणतात सोनं ठेवून काढूया.

शॉपमधला इंजिनियर म्हणतो पगाराच्या 30 टक्क्यांवर भाडं जाऊ द्यायचं नाही. म्हणजे 6840 झाले. पण मग त्या पैशात टिळकवाडी विसरायचीच काय? आणि भाडं किती घ्यावं यावर सरकारचा काय कायदा नाही काय? एजंट म्हणतो असलं काय नसतं, मालक म्हणेल तो आकडा. आणि हो, दोन ठिकाणी घर दाखवायच्या आधी आडनाव आणि नॉनव्हेज खाता काय एवढंच विचारलं, पगार नंतर.

अनगोळची_आक्का

भावा, टक्के नंतर. आधी तुझ्याच आकड्यांची वजाबाकी कर. 22,800 मधनं आई-बाबांचे आणि हप्ता गेला की राहतात 15,950. टिळकवाडीला 10,100 दिलास की 5,850 मध्ये तिघांचं जेवण, गॅस, शाळा, औषध. एका महिन्यात पोराला ताप आला की उसनवारी सुरू. ते घर तुझं नव्हे, निदान ओव्हरटाइम पक्का होईपर्यंत तरी नव्हे.

पण एक गोष्ट तू धरलीच नाहीस, ती पेट्रोलची. रोज 52 म्हणजे 26 दिवसांत साडेतेराशे किमी, बाईक 50 चं अ‍ॅव्हरेज देत असली तरी 27 लिटर, पावणेतीन हजार गेले. वडगावातनं उद्यमबाग पाचेक किमी, महिन्याला साडेपाचशे फार झाले. म्हणजे 6000 च्या घराचा खरा बोजा 3800 च्या आसपास. शिवाय बायकोला गणपत गल्लीला अस्तर-दोरे आणायला जायचं तर शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला पैसेच पडत नाहीत, आधारवर कर्नाटकातला पत्ता असला की झालं.

आणि मीटर बघून ये. गृहज्योती, म्हणजे सरकारची वीजबिल माफीची योजना, भाडेकरूलाबी मिळते, मीटरच्या आरआर नंबरला (बिलावरचा ग्राहक नंबर) आपलं आधार जोडायचं. पण आधीच्या भाडेकरूचं जोडलेलं तसंच असतं आणि तो गेला तरी काढत नाही. आमच्या माडीवर आलेल्या बिऱ्हाडाला दोन महिने फुल्ल बिल भरावं लागलं ह्याच भानगडीत. आधी डीलिंक करून घे, मग चावी घे. आणि 200 युनिटच्या वर गेलास की सगळंच बिल आपलं, इस्त्री आणि शिलाई मशीनची मोटर दोन्ही चालणार तर लक्ष ठेव.

वडगावकर

वडगावचं घर रात्री बघितलास काय? दिवसा माग चालू असले तरी रस्त्याच्या आवाजात कळत नाहीत. रात्री दहानंतर जा, भिंतीला हात लाव. शेजारी यंत्रमाग असला तर भिंत थरथरते, भांडी मांडणीवर वाजतात. आम्ही जन्मापासून ऐकतोय म्हणून आम्हाला माग बंद पडला की जाग येते, तुझ्या पोराचं तसं नाही. 6000 मध्ये दोन खोल्या आणि स्वतंत्र संडास देतोय म्हणजे कायतरी कारण आहे.

दुसरं म्हणजे पाणी. काही वॉर्डात 24 तास नळ आहे, बाकीकडं पाणी कधी येईल त्याची वाट बघत बसायचं. मालकाला विचारू नको, शेजारच्या बाईला विचार, बॅरल किती आहेत ते मोज. येळ्ळूर रोडच्या बाजूला असेल तर बळ्ळारी नाल्याचंबी विचार, 2019 च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहिताय. मे महिन्यात सगळी घरं कोरडीच दिसतात, कपाटामागं भिंतीला खालून पिवळी रेघ आली असेल तर पाणी कुठवर चढलं ते कळतंय.

आणि मच्छे, पिरनवाडी का बघत नाहीस? तुझ्याच रस्त्यावर आहेत की.

खानापूरचा_गडी

मच्छेत बघितलं दादा. व्हीटीयू (इंजिनियरिंगचं विद्यापीठ) तिथं असल्यामुळं पोरंच चौघं-चौघं मिळून खोली घेतात, एकेकाकडनं अडीच हजार मिळाल्यावर मालक आम्हाला कशाला देतोय. पिरनवाडीत एक होतं ते हातातनं गेलं.

कोर्टाच्या_पायऱ्या

कायद्याचं विचारलायस म्हणून. कर्नाटकाचा भाडे कायदा 1999 चा आहे, त्यात ठरावीक भाडं वगैरे सगळं आहे, पण महिना 3500 च्या वर आणि काही भागांत 2000 च्या वर भाडं असलेल्या जागांना तो लागूच नाही. आता 3500 ला बेळगावात काय मिळतं ते तूच बघ. त्यामुळं एजंट बोलायला उद्धट असेल पण खोटं बोलला नाही. 2021 ला केंद्रानं आदर्श भाडेकरार कायदा काढला, त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं आहे, पण तो नमुना आहे, राज्यानं घेतल्याशिवाय कुणाला बांधत नाही. म्हणजे तुला वाचवणारा कागद एकच, तुझा स्वतःचा करार.

30 टक्क्याचं म्हणशील तर ते अमेरिकेतनं आलंय. तिथं 1969 ला सरकारी घरांचं भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या 25 टक्क्यांवर जाऊ नये असं ठरलं आणि 1981 ला त्याचे 30 केले. वरचा खर्च तिथं सरकार उचलतं. इथं वरचा खर्च सासरे उचलतात 🙂

लीजचं मात्र नीट ऐक. 4 लाख सोनं ठेवून 12 टक्क्यांनी काढलास तर महिना 4000 व्याज तुझ्याच खिशातनं, म्हणजे फुकट काय नाही. आणि मालक 4 लाख एकदम का मागतो ते शोध, पुष्कळदा बँकेचा हप्ता थकलेला असतो. बँकेनं घर जप्त केलं तर तू बाहेर आणि तुझे पैसे मालकाकडं, तो कुठं असेल तिथं. सरकारच्या कावेरी पोर्टलवरनं घराची ईसी (घरावर बोजा आहे काय ते सांगणारा दाखला) काढता येते, पण कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज त्यात प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही, म्हणून मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी बघायचं. तीन वर्षांचा व्यवहार सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावाच लागतो. वर्षाच्या वरचा करार नोंदवावा लागतो म्हणूनच तर सगळे 11 महिन्यांचा करतात. मालक नोटरीवर भागवूया म्हणाला की तिथनंच परत ये.

खानापूरचा_गडी

लीज डोक्यातनं काढलं. सासऱ्यांना व्याजाचा हिशोब दाखवला, गप्प बसले.

वडगावच्या मालकानं करार दिलाय पण तो कन्नडमध्ये आहे, वरचं ‘बाडिगे करारु पत्र’ एवढं लागलं, खाली काय कळेना. बोलायला कन्नड येतंय मला, वाचता येत नाही. नावं झाकून फोटो टाकलाय, कुणीतरी सांगा.

निपाणीचा_मास्तर

वाचला. भाडं 5 तारखेच्या आत, ठीक आहे. दर 11 महिन्यांनी 10 टक्के वाढ, म्हणजे 6600, मग 7260, तिसऱ्या खेपेला जवळपास 8000. 5 टक्के मागून बघा. घर सोडायचं तर तुम्ही दोन महिने आधी सांगायचं आणि मालकानं सांगितलं की आठ दिवसांत रिकामं करायचं, हे कसलं? दोघांना एक-एक महिना करून घ्या. करारात काहीच लिहिलेलं नसतं तरी महिनेवारी भाडेकरूला 15 दिवसांची नोटीस द्यावी लागली असती, सही करून तुम्ही त्यापेक्षा कमी घेताय.

सहाव्या कलमात ‘सुण्ण-बण्ण’ आहे. म्हणजे चुना-रंग. जाताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधनं कापणार. ही इकडची पद्धतच आहे, बहुतेक मालक सोडत नाहीत, पण ‘त्या वेळचं भाडं’ लिहिलंय तिथं ‘सुरुवातीचं भाडं’ करा, दीड-दोन हजार वाचतील.

आणि डिपॉझिटच्या आकड्याची जागा कोरी सोडलीय. ती भरल्याशिवाय सही नको. पैसे फोनवरनं किंवा चेकनं द्या, रोख नको. कन्नडखाली मराठीत किंवा इंग्रजीत तीच कलमं टाइप करून घ्या, नोटरी नाही म्हणत नाही.

खानापूरचा_गडी

मंडळी, सांगायचं राहिलं. परवा रात्री सव्वादहाला बायकोला घेऊन गेलो. माग आहे, पण मधे एक घर सोडून. भिंतीला हात लावला, थोडं कळतंय, बायको म्हणाली तुझ्या घोरण्यापेक्षा बरं. शेजारच्या मावशीकडं तीन बॅरल, मागं विहीर आहे तिचं पाणी धुण्या-भांड्याला चालतं म्हणाल्या. भिंतीला पिवळी रेघ नाही, मोरीच्या कोपऱ्यात थोडी ओल आहे तेवढीच.

मालक 5 टक्क्यांना आला नाही, 7 वर थांबला. नोटीस दोघांना एक महिना केली. सुण्ण-बण्ण सुरुवातीच्या भाड्यानं, म्हणजे 6000 च, हे मास्तर तुमच्यामुळं. डिपॉझिट 30 चे 25 केले, आकडा माझ्यासमोर शाईनं लिहिला. मीटर खरंच जुन्या भाडेकरूच्या आधारला होतं आक्का, मालकानं फोन लावून त्याला शिव्या दिल्या, काल काढलंय म्हणतो, मी स्वतः बघितल्याशिवाय चावी घेणार नाही.

येत्या रविवारी सामान हलवूलोय. एक कपाट, शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि भांडी एवढंच. खानापूर ते वडगाव छोटा टेम्पो कुणाच्या ओळखीचा असला तर भाडं किती घेतो ते सांगा, गावातला एकजण अडीच हजार म्हणूलाय.