‘क्रांतिदिन’ की ‘सत्याग्रह दिन’?

प्रश्न : मंडळाच्या अंकासाठी गोव्यावरचा एक लेख तपासतेय. लेखकाने १८ जूनला ‘क्रांतिदिन’ म्हटलंय. १९४६ साली त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. कुणी शस्त्र उचललं नाही, सरकार पडलं नाही. पोर्तुगीज पुढे पंधरा वर्षं ठाण मांडून होते. मग ही क्रांती कशी? शिवाय आपल्याकडे क्रांतिदिन म्हणजे ९ ऑगस्ट. ‘सत्याग्रह दिन’ करू का?

मडगावहून : नका करू, ताई. गोव्यात हेच नाव रूढ आहे. पणजीत तर ‘अठरा जून’ नावाचा रस्ताच आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या अमलात परवानगीशिवाय सभा नाही, छापील मजकुरावर सेन्सॉर, त्यातून लग्नपत्रिकाही सुटत नसे. लोहिया खरं तर तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी आसोळण्याला आले होते, मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. मैदानावर दोघांनाही अटक झाली, पण घोषणा थांबल्या नाहीत. पुढे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर अशा गोव्यातल्या पुढाऱ्यांना थेट पोर्तुगालला नेऊन डांबलं. सरकार पडलं नाही खरं, पण लोकांची भीती गेली, तिलाच आम्ही क्रांती म्हणतो.

पुण्याहून : मराठीतला हा घोळ जुनाच आहे. ‘क्रांतिकारक’ म्हटलं की पिस्तूल आठवतं, पण ‘क्रांतिदिन’ दोन्ही ठिकाणी निःशस्त्र हाकेचा. ‘हुतात्मा’चंही तेच. शब्द रूढ केला सावरकरांनी, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या स्मारकावर तो लागतो १५ ऑगस्ट १९५५ ला रिकाम्या हातांनी हद्द ओलांडून गोळ्या झेलणाऱ्यांना. त्यांत पंजाबचे कर्नैलसिंग होते. त्याच वर्षी मे महिन्यातल्या पहिल्या तुकडीत नानासाहेब गोऱ्यांबरोबर सेनापती बापट गेले, मुळशी धरणाविरुद्ध लढलेले तेच, वय चौऱ्याहत्तर! या सत्याग्रहामागे पुण्यात जी समिती उभी राहिली तिचं नाव ‘गोवा विमोचन सहायक समिती’. तेव्हा विमोचन देशाचं व्हायचं, आता फक्त पुस्तकाचं होतं.

बेळगावहून : सत्याग्रहींबद्दल आदर आहेच. पण गोवा सुटला तो डिसेंबर १९६१ मध्ये, लष्कर गेल्यावर. ‘मुक्तिसंग्राम’ म्हणताना सत्याग्रही, हत्यार घेतलेलं आझाद गोमंतक दल आणि फौज हे सगळे एकाच गाठोड्यात बांधले जातात. मग वाचकाला वाटतं, नुसत्या घोषणांनी सालाझार हटला.

मडगावहून : म्हणून तर आम्हाला दोन दिवस लागतात. १९ डिसेंबर हा मुक्तिदिन, तो दिल्लीने आणला. १८ जून आमचा. (लोहियाही बाहेरचेच, हे कबूल, पण मैदानावरची माणसं इथली होती.) आणि हा फरक नुसता दिनदर्शिकेतला नाही. १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हा प्रश्न होता, तेव्हा काकोडकर विलीनीकरणाच्या विरोधात होते. पोर्तुगालचा तुरुंग भोगून आलेल्या माणसाला ‘तुम्हाला भारत नको आहे’ असं कोण म्हणणार? वेगळं राहूनही भारतीय असल्याचा दावा त्या चळवळीमुळेच करता आला, असं माझं मत. विलीनीकरण मागणाऱ्यांतही स्वातंत्र्यसैनिक होते, हे अर्थात विसरू नये.

बेळगावहून : हे पटतं. सीमाभागात राहतो, त्यामुळे ‘विलीनीकरण’ शब्द कानाला वेगळा लागतो एवढंच.

प्रश्नकर्ती : मग ‘गोवा क्रांतिदिन’ ठेवते आणि पहिल्या परिच्छेदात ‘सविनय कायदेभंग’ घालते.

पुण्याहून : चालेल. ‘गोवा’ मात्र गाळू नका, नाहीतर मुंबईचा वाचक ऑगस्टच समजेल. आणि लेखात कुठे १९ डिसेंबरला ‘गोव्याचा स्वातंत्र्यदिन’ म्हटलं असेल तर तेवढं बदला. तिथे ‘मुक्तिदिन’च हवा.