मदत हवी आहे: स्कूबाचा रेग्युलेटर घरी उघडू का? शिवाय बॅकप्लेट, ओ-रिंगा आणि जुना सिलिंडर

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे गोदीत काम केलेले, दर मोसमात मालवणला उतरणारे आणि घरात दिसेल ती वस्तू खोलून बसणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत हे ठाऊक असल्याने विचारतोय.

तारकर्लीला ओपन वॉटरचा कोर्स केला आणि तेव्हापासून भाड्याच्या सामानाचा कंटाळा आला. ओळखीतल्या एका गृहस्थांनी परदेशी जाताना आपला संच स्वस्तात दिला: बॅलन्स्ड डायफ्रॅमचा फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा, दाब उतरवणारा भाग), दोन सेकंड स्टेज (तोंडात धरायचे भाग), एक जुनं बीसीडी जॅकेट (हवा भरून तरंगणं सांभाळायचं) आणि 80 घनफुटी ॲल्युमिनियमचा सिलिंडर. सामान आलं, पाऊस लागला आणि सगळं दादरच्या आमच्या दोन खोल्यांत माळ्यावर चढलं. नारळी पौर्णिमा झाली तेव्हा खाली काढलं. मास्कच्या सिलिकॉनवर काळे ठिपके, जॅकेटला कुबट वास. ते साबणाने आणि पंख्याने निघालं. मुंबईतला पावसाळा चामड्याच्या चपलेला सोडत नाही, जॅकेटला काय सोडणार!

खरी पंचाईत रेग्युलेटरची. स्विमिंग पूलवरच्या भरलेल्या सिलिंडरला लावून पाहिला. व्हॉल्व्ह उघडला की शांत. श्वास घेतले, छान. पण पाचेक मिनिटं तसाच ठेवला की मुख्य सेकंड स्टेजमधून बारीक फुसफुस सुरू होते. पर्ज बटण (हाताने हवा सोडायचं) दाबून सोडलं की बंद, थोड्या वेळाने पुन्हा तेच. मित्राचा इंटरमिजिएट प्रेशरचा (दोन स्टेजच्या मधल्या दाबाचा, म्हणजे आयपीचा) गेज इन्फ्लेटरच्या होजला, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या नळीला लावला. काटा आधी 9.5 बारवर थांबल्यासारखा वाटतो, मग सावकाश सरकत 11 च्या पुढे जातो आणि नेमकी तिथे फुसफुस लागते. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचा फिल्टर टॉर्चखाली पाहिला तर एका कडेला हिरवट झाक आहे.

सर्व्हिसिंगसाठी एका ठिकाणी विचारलं. सांगितलेला आकडा मी संचाला दिलेल्या पैशांच्या निम्म्याच्या आसपास आहे, वर दिवाळीपर्यंत मिळेल याची खात्री नाही. मी टूलरूममध्ये काम करतो. स्पॅनर लावायला घाबरत नाही. कुठवर लावायचा ते सांगा.

दरम्यान नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंगांसाठी दोन शनिवार घालवले. दुकानदार विचारतो, ‘कितने एमएम?’ आणि हे सगळे इंची साइज. लो प्रेशर पोर्टची 011, हाय प्रेशर पोर्टची 012 आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरची 014 एवढ्या मिळाल्या. पण 014 नव्वद ड्युरोची (ड्युरो म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) हवी म्हटलं तर त्याने सत्तरची रिंग अंगठ्याच्या नखाने दाबून दाखवली आणि म्हणाला, ‘रबर तो रबर है साहब.’ तसं खरंच आहे का?

सिलिंडरच्या मानेवरची शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घ्यायच्या चाचणीची) तारीख जुनी आहे. याचं काय करायचं?

शिवाय जॅकेट टाकून साधी बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी) आणि हार्नेस (तिचे पट्टे) घरी बनवायचा विचार आहे, त्यातले खाचखळगे सांगा. वजनाच्या पट्ट्यासाठी शिसं घरी ओतावं म्हणतोय. आणि पुतण्याचं म्हणणं की त्याच्या मित्राच्या गॅरेजमधल्या स्प्रे पेंटिंगच्या कंप्रेसरला लांब नळी लावली की सिलिंडरची भानगडच नको. मी हसून सोडून दिलं, पण त्याला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही. तेही हवंय.

– दादरकर

प्रतिसाद: तळठोक

लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान तुम्हीच केलंय. सेकंड स्टेजला हात लावू नका, तिचा काही दोष नाही. फर्स्ट स्टेजमधली हाय प्रेशर सीट (सिलिंडरची हवा अडवणारी गादी) पूर्ण मिटत नाहीये. सिलिंडरमधली हवा आत झिरपत राहते, मधला दाब चढत जातो आणि एका मर्यादेला सेकंड स्टेजचा पॉपेट (आतली झडप) ढकलला जाऊन हवा बाहेर पडते. चढणं थांबत नसेल तर सीट गेली असं धरा. बरेच लोक इथे सेकंड स्टेजचा स्क्रू आवळून आवाज बंद करतात. म्हणजे कुकरची शिटी हाताने दाबून धरायची! आत दाब वाढतच राहतो आणि मग होज फुटते.

म्हणून एक सांगणं. गेज लावून तपासताना निदान एक साधी सेकंड स्टेज जोडलेली असू द्या. सगळ्या काढून नुसता गेज लावला तर जास्तीची हवा जायला वाटच राहत नाही.

हिरवट झाक म्हणजे खारं पाणी आत गेलंय. लालसर असती तर स्टीलच्या सिलिंडरमधला गंज म्हटलं असतं, करडी-काळी असती तर ॲल्युमिनियमची भुकटी किंवा कंप्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा. पाणी शिरतं ते बहुधा धुताना. एकतर डस्ट कॅप न लावता रेग्युलेटर बादलीत बुडवतात, किंवा दाब नसताना पाण्याखाली पर्ज बटण दाबतात. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून उलटं थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. आधीच्या मालकांनी यातलं काहीतरी केलेलं असणार. सगळ्यात उत्तम म्हणजे सिलिंडरला जोडून, दाबाखाली असतानाच गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा. नळाला पाणी तासभरच येतं हे मान्य, पण टब आधी भरून ठेवता येतो.

आता उघडायचं का? तुमच्या हातात त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, त्याच मॉडेलचा किट आणि बाजूला बसायला हे काम आधी केलेला माणूस असेल तर जरूर उघडा. यातलं एक जरी नसेल तरी नको. सीट लेथवर करायचा मोह टूलरूमवाल्यांना हमखास होतो, तो आवरा. सीट ज्या कडेवर बसते ती कड भिंगाखाली पाहावी लागते. तिला बारीकसा टोचा जरी पडला असेल तरी नवी सीट टिकणार नाही. ओ-रिंग उचकटायला स्टीलची टोचणी अजिबात नको, पितळेची किंवा प्लास्टिकची घ्या. हिरवटपणाला अर्धं पांढरं व्हिनेगर आणि अर्धं कोमट पाणी, तेही थोडाच वेळ. क्रोम उडालेलं असेल तिथे व्हिनेगर पितळ खायला लागतं.

रबराबद्दल: नाही, रबर तो रबर नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर 200 बारचा दाब असतो. तिथे सत्तरची मऊ रिंग फटीत दाबली जाऊन बाहेर येते, तीही ‘फट्’ असा आवाज करून आणि नेमकी बोटीवर. नव्वदचीच घ्या. साध्या हवेसाठी सिलिकॉन ग्रीस चालतं, पण सिलिकॉनच्या डायफ्रॅमला (आतल्या पडद्याला) आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हला ते लावू नका, फुगतात. 40 टक्क्यांवर ऑक्सिजन असलेलं मिश्रण वापरणार असाल तर ग्रीसही वेगळं आणि सफाईही वेगळी. पेट्रोलियमचं काहीही कधीच नको, बिजागरीवर मारतो तो स्प्रेसुद्धा नको.

प्रतिसाद: गोदीतला

पुतण्याला माझ्यातर्फे एक टपली द्या, मग हे वाचायला द्या.

स्प्रेचा कंप्रेसर आठ-दहा बारला थांबतो. सिलिंडरला 200 लागतात, म्हणजे भरायचा प्रश्न तिथेच मिटला. राहिली नळीने हवा घ्यायची कल्पना. ती जास्त वाईट, कारण ती जमते. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आणि मग माणसाला वाटतं आपल्याला कळलं!

गॅरेजच्या कंप्रेसरमध्ये वंगणाचं तेल असतं. तापला की तेल जळतं आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड हवेत येतो. जोडीला तेलाची वाफ. श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 5 पीपीएम आहे आणि तेलाची घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम. हवा ओढायचं तोंड रस्त्याकडे, शेजारी कुणाची गाडी किंवा जनरेटर चालू, मग बोलायलाच नको. वर पाण्याखाली दाब वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट. हवेतलं विषही तितक्याच पटीने रक्तात उतरतं. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, माणूस म्हणतो रात्री झोप झाली नाही, आणि तिथेच बेशुद्ध होतो. दिवे गेले आणि कंप्रेसर बंद पडला की काय, हा प्रश्न तर त्याने विचारलेलाही दिसत नाही. श्वास रोखून वर धावला तर फुप्फुस फाटायला दोन मीटरही पुरतात.

गोदीत नळीवर काम आम्हीही केलंय, पण तिथे हवेचा कंप्रेसर वेगळा, फिल्टर वेगळे, साठ्याची टाकी आणि वर नळी धरून बसलेला माणूस. पंपाकडे नजर ठेवणं एवढंच त्याचं काम.

पुढचा प्रश्न सीएनजीच्या सिलिंडरचा येईल. त्यातही 200 बारच असतात, म्हणून आधीच सांगतो: नाही. वासाचं रसायन आणि तेलकट थर आत राहतो, तो धुऊन निघाला असं तुम्ही घरी कधीच सिद्ध करू शकणार नाही.

तुमचा 80 चा सिलिंडर आधी मानेवरचे शिक्के वाचा. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत 6351 नावाच्या मिश्रधातूचे सिलिंडर बनत. त्यांच्या मानेत, आट्यांच्या जागी चिरा पडतात. तसला निघाला तर भरू नका, शोभेला ठेवा. चांगला असेल तर पेसोच्या (दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) मान्यताप्राप्त केंद्रात हायड्रो टेस्ट करून घ्या. गॅस सिलिंडर नियम, 2016 त्यालाही लागू आहेत आणि तारीख उलटलेला सिलिंडर कुणी शहाणा भरून देणार नाही. पावडर कोटिंग करून भट्टीत भाजून घ्यायचा मोह टाळा, उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद जाते.

प्रतिसाद: उचापती

दोघांनी एवढं घाबरवल्यावर थोडं गोड बोलतो, कारण घरी करण्यासारखंही भरपूर आहे.

बॅकप्लेट तर कराच. 3 मिमी जाडीचं 316 स्टेनलेस घ्या, साकीनाक्याला लेझर कटिंगवाला ड्रॉइंग दिलं की कापून देतो. विंगच्या (प्लेटला लावायच्या हवेच्या पिशवीच्या) बोल्टची भोकं मध्य ते मध्य 11 इंच, म्हणजे 280 मिमीच्या आसपास ठेवा, बाजारातली कुठलीही विंग बसते. पट्ट्याच्या खाचांचा बर (कापल्यावर उरलेली धार) नीट घासा. बोट फिरवून नाही, जुना नायलॉनचा मोजा फिरवून बघा. धागा अडकला की तिथे पट्टा कापला जाणार. पट्टा 50 मिमीचा, ताठ विणीचा. गाडीच्या सीटबेल्टचा मऊ असतो, बकलमध्ये सरकतो. ॲल्युमिनियमचा 80 रिकामा होत आला की तरंगू लागतो, जवळजवळ दोन किलोने. स्टीलची प्लेट ते भरून काढते, म्हणजे कमरेचं शिसंही कमी लागतं.

शिसं मात्र घरी ओतू नका. दोन खोल्यांत त्याचा धूर जाणार कुठे? साच्यात ओलावा राहिला तर वितळलेलं शिसं उसळून अंगावर येतं, आणि मुंबईच्या हवेत साचा कोरडा आहे असं कोण छातीठोक सांगेल? जाळ्यांचं सामान विकणाऱ्यांकडे तयार शिसं मिळतं, भाऊच्या धक्क्याच्या बाजूला विचारा.

सेकंड स्टेज तपासायचं यंत्र तर पन्नास-शंभर रुपयांत होतं. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, फळीवर यू आकारात ठोका, मध्ये पट्टी चिकटवा आणि रंगीत पाणी भरा. एक टोक माउथपीसला टीने जोडा आणि हळूच श्वास घ्या. हवा सुटते त्या क्षणी दोन बाजूंच्या पाण्यातला फरक वाचा. अडीच ते चार सेंटिमीटर आला तर ठीक. दुसरी चाचणी फुकट: दाब नसताना डस्ट कॅप लावून माउथपीसमधून हवा ओढा. काहीच यायला नको. येत असेल तर डायफ्रॅम, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नाहीतर माउथपीसची चीर.

प्रतिसाद: वाचनमात्र

अवांतर: सागर संशोधक कूस्तोबरोबर 1943 मध्ये ॲक्वालंग (आजच्या स्कूबाचा पूर्वज) बनवणारा अभियंता गान्याँ मुळात गॅसवर चालणाऱ्या मोटारींच्या व्हॉल्व्हवर काम करत होता. मग आपल्या शेगडीचा रेग्युलेटर का नको?

प्रतिसाद: तळठोक

कारण गान्याँने तो तसाच्या तसा तोंडाला लावला नव्हता. एलपीजी सिलिंडरमधला दाब आपल्या उन्हाळ्यातही दहा बारच्या आत असतो आणि शेगडीचा रेग्युलेटर तो तीस मिलिबारवर आणतो. त्याला 200 बार दाखवू नका. शिवाय भोवतालच्या पाण्याचा दाब त्याला कळतच नाही, त्यामुळे फूटभराच्या खाली गेलं की श्वास ओढणं जड होत जातं.

प्रतिसाद: दादरकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘गोदीतला’ काकांचा प्रतिसाद पुतण्याला वाचून दाखवला. दिवे गेल्यावर काय, तिथे तो गप्प झाला.

ठरलं ते असं. फर्स्ट स्टेज सर्व्हिसिंगला जाणार, निम्मे पैसे तर निम्मे. तळठोक, तुम्ही मुंबईत कधी असाल तर पुढच्या वेळी शेजारी बसून बघायला आवडेल, चहा-वडा माझ्याकडून. सिलिंडरचे शिक्के काल वाचले, 6061 आहे, 6351 नव्हे, तेव्हा टेस्टला देतोय. लेव्हल पाइपचं यंत्र झालं सुद्धा. मुख्य सेकंड स्टेजला साडेतीन आले, पण पिवळ्या ऑक्टोपसला (राखीव सेकंड स्टेजला) सहा येतात. तो मुद्दाम घट्ट ठेवतात असं ऐकलंय, पण सहा जास्त नाहीत का? आणि ही दोन्ही मापं आयपी सरकत असतानाची आहेत, म्हणजे फर्स्ट स्टेज परत आल्यावर पुन्हा घ्यावी लागतील ना?

नव्वद ड्युरोची 014 अखेर त्याच गल्लीत दुसऱ्या दुकानात मिळाली. तो शंभर नगांच्या खाली देत नाही. कुणाला हव्या असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा, दादर स्टेशनला आणून देईन.